बाबांच्या पाटीवरची दुसरी ओळ

बारामतीला लागून असलेल्या जळोचीत आमच्या घरात खाली दवाखाना होता आणि वर आम्ही राहायचो. सकाळी बाबांनी खालचा कॉम्प्रेसर सुरू केला की वर मांडणीतली ताटं थरथरायला लागायची आणि आई न चुकता म्हणायची, "झाला यांचा काकडा सुरू." दाताला मशीन लागलं की जो बारीक, कानात घुसणारा सूर निघतो, तो मी अंगाईसारखा ऐकत मोठी झाले. सूर मधेच तुटला म्हणजे पेशंटने बाबांचा हात धरला, हे मला गणितं सोडवता सोडवता कळायचं. लवंगेच्या तेलाचा वास जिन्यावरून वर यायचा आणि आईच्या आमटीत मिसळायचा. लांबून आलेली माणसं दाढ काढायच्या आधी आमच्या पायऱ्यांवर बसून भाकरी खायची, कारण उपाशीपोटी सुई टोचली की घेरी येते आणि दाढ निघाल्यावर तर खायचा प्रश्नच नाही. बाबांचा तसा हुकूमच होता. कुणी कोरडी भाकरी चावताना दिसलं की आई वरून वाटीभर आमटी धाडायची. निम्म्या इंदापूर तालुक्याने आमच्या घरची आमटी अशी दुखऱ्या दाढेने खाल्ली आहे.

बाबा खरे डॉक्टर होते, हे आधीच सांगते. पुढचं वाचून कुणाचा गैरसमज नको. बी.डी.एस. त्यांनी रीतसर केलं होतं, आणि त्यांच्या गावातून तेवढं शिकलेले ते पहिलेच. हात इतका हलका, की म्हातारी माणसं दाढ निघाल्यावर विचारायची, "कधी काढणार हाय?" पाटीवर त्यांचं नाव, नावापुढे पदवी, आणि त्यापुढे 'दातांचा दवाखाना', एवढी एकच ओळ होती. ती पाटी वाचायला शिकणं हे माझं पहिलं वाचन. बाबांनी कधी कुणाला फसवलं नाही, असं मी कॉलेजात जाईपर्यंत शपथेवर सांगितलं असतं.

मग बारामतीत एक तरुण डॉक्टर आला, एम.डी.एस. झालेला. काचेचा दरवाजा, थंड हवा, आणि पाटीवर पदव्यांची रांग. आपल्याकडे लोक डॉक्टर निवडतात पाटी मोजून. ज्याच्या पाटीवर ओळी जास्त तो मोठा डॉक्टर. पदवीतली अक्षरं कुणाला कळत नाहीत, पण लांबी कळते. आमच्या पायऱ्यांवरची भाकरी खाणारी माणसं कमी झाली. दुपारी कॉम्प्रेसर बंद असला की बाबा जेवायला वर यायचे आणि खिडकीतून रस्त्याकडे बघत बसायचे. आई म्हणायची, "बघून काय पेशंट येत्यात व्हय?" ते हसायचे नाहीत. त्यांचा मान दुखावला होता, आणि दुखावलेला मान दाढेसारखा काढून टाकता येत नाही.

त्याच हिवाळ्यात ते पुण्याला एका हॉटेलात भरलेल्या कार्यशाळेला गेले. तोंडाचे रोग आणि जबडा असा विषय होता. शनिवारी पहाटे गेले, रविवारी संध्याकाळी आले, सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट घेऊन. आल्यावर त्यांनी आम्हाला तिथल्या जेवणाचंच कौतुक जास्त सांगितलं. दुसऱ्या दिवशी बबन पेंटर आला. बाबांना पाटीवर त्या कार्यशाळेचं पूर्ण नाव हवं होतं. बबनने सर्टिफिकेट हातात धरलं, पाटी वितीने मोजली आणि मान हलवली.

"डॉक्टर, हे एवढं इंग्रजी बसायचं न्हाय. आन् बसवलं तरी वाचतंय कोण? मुखरोग व जबडा तज्ज्ञ, असं लिवतो. समदीच लिवत्यात."

बाबा थोडा वेळ पाटीकडे बघत राहिले. मी जिन्यात उभी होते, म्हणून मला त्यांचा चेहरा आठवतो. तज्ज्ञ म्हणवून घ्यायला त्या विषयात पुढची पदवी लागते, वर्षानुवर्षं तेच शिकावं लागतं, हा त्यांच्या, आणि आता माझ्याही, धंद्याचा लेखी नियम आहे. बबनला तो माहीत असायचं कारण नव्हतं. बाबांना माहीत होता. ते म्हणाले, "लिही." बबनने लाल रंग घेतला आणि दुपारपर्यंत बाबा तज्ज्ञ झाले.

आईने ओळ वाचली आणि विचारलं, "तज्ज्ञ म्हंजी वो?"

"त्यातलं इतरांपेक्षा जास्त कळतं असा," बाबा म्हणाले.

आई सातवी शिकलेली. नवऱ्याला इतरांपेक्षा जास्त कळतं हे तिला आधीपासून ठाऊक होतं, आता ते रंगवून मिळालं. तिने ही बातमी माहेरच्या सगळ्यांना सांगितली, आणि सगळ्यांत आधी पळसदेवला दिलेल्या तिच्या धाकट्या बहिणीला, कुसुममावशीला.

कुसुममावशी आमच्याकडे आली की घर हलायचं. भिगवणला एसटी बदलून यायची, हातात पिशवी, पिशवीत ओल्या कपड्यात गुंडाळलेली उजनीची चिलापी. आल्या आल्या पदर खोचून मासे साफ करायला बसायची आणि तिथूनच सगळ्यांशी बोलायची. पळसदेवात कुणाचा ऊस तुटला, कुणाच्या सुनेने काय केलं, सगळं त्या माशांच्या खवल्यांबरोबर उडायचं. हसायची तेव्हा सगळे दात दिसायचे, मिश्रीने काळे पडलेले. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून केलेली ती पूड ती सकाळी उठल्या उठल्या हिरड्यांना लावायची, मगच चहा. भाजणीच्या दिवशी अख्खी आळी खोकायची. आई रागवायची, "सोड की गं ते काळं." मावशी म्हणायची, "आक्के, नवरा सोडीन पर मिश्री न्हाय." बापूकाका, म्हणजे तिचा नवरा, समोर असला तरी हेच म्हणायची, आणि तो बिचारा हसायचा.

पाटी बदलल्यानंतरच्या उन्हाळ्यात ती आली ती गालाला हात लावूनच. आत, शेवटच्या दाढेजवळ एक जखम होती. तिखट लागलं की आग व्हायची. बाबांनी बघितलं, दाढेचा एक कोपरा टोकदार झाला होता तो घासून गुळगुळीत केला, लावायला मलम दिलं आणि मिश्री बंद करायला सांगितलं. जखमेला आधी दाढ टोचते का ते बघायचं, हे बरोबरच आहे. मीही आज तेच करते. पण दाढ घासूनही जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर तिचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा, हे दाताच्या कुठल्याही डॉक्टरला शिकवलेलं असतं. त्याला तज्ज्ञ असावं लागत नाही. फक्त 'मला कळत नाही, पुढे जा' असं म्हणता यावं लागतं. ते बाबांना आधी येत होतं. ज्या दाढेची भीती वाटायची ती ते सरळ पुण्याला पाठवायचे, चिठ्ठी देऊन, एसटीची वेळ सांगून. लाल ओळ रंगवल्यापासून त्या चिठ्ठ्या बंद झाल्या. जबड्याचा तज्ज्ञ जबड्याचा पेशंट दुसऱ्याकडे कसा पाठवणार?

मावशीची जखम भरली नाही. बाबांनी मलम बदललं, गोळ्या दिल्या, पुन्हा घासलं. मावशी अधूनमधून येत राहिली. आईने तिच्यासाठी बिनतिखटाची आमटी वेगळी काढायला सुरुवात केली.

एकदा आम्ही सगळे जेवत होतो. मावशीने भाकरी आमटीत कुस्करली होती आणि एका बाजूने चावत होती. तिच्या गावात दात तपासणीचं शिबिर झालं होतं, तिथली गंमत ती सांगत होती.

"एक डॉक्टरीण आली व्हती. एवढीशी पोर, आपल्या नंदीएवढी," तिने माझ्याकडे बोट केलं. "माझं तोंड बघितलं आन् तोंडच पाडलं तिनं. म्हणती, मावशी, हे साधं न्हाय, ह्याचा तुकडा काढून बघाया पायजे, उद्याच पुण्याला जा. मी म्हणलं, बाय, आमचं दाजी ह्यातलंच तज्ज्ञ हायेत, बारामतीला, पाटी हाय त्यांची. तू आजून शिकतीयास." मावशी हसली, आणि हसताना गाल धरला. "गप बसली मग."

आई मोठ्याने हसली. मीसुद्धा हसले. बाबांचा हात ताटातच राहिला. आज माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे, आणि माझ्याही ताटासमोर असे प्रसंग आले आहेत, म्हणून मला ठाऊक आहे की त्या वेळी त्यांना सगळं कळलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. त्या पोरीचं ऐक, जा. एवढंच. पण समोर बायको होती, मेव्हणी होती, मुलगी होती, आणि तिघीही त्यांच्या अभिमानाने हसत होत्या.

"बघतो मी जेवल्यावर," ते म्हणाले.

जेवल्यावर त्यांनी बघितलं आणि आणखी एक मलम दिलं.

दिवाळी आली तेव्हा मावशीचं तोंड दोन बोटांएवढंही उघडत नव्हतं. जबड्याखाली गाठ आली होती. फराळातली करंजी तिने दुधात भिजवून चोखली. बापूकाका कधी कुणाला न विचारता काही करणारा माणूस नव्हता, पण पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने कुणालाच विचारलं नाही. शेजाऱ्याची जीप केली आणि तिला पुण्याला नेलं.

तिथे कॅन्सर निघाला आणि तिचा अर्धा जबडा काढला. मांडीचं मांस काढून गालाला लावलं. मी आणि आई भेटायला गेलो तेव्हा मावशीच्या नाकात नळी होती आणि डोळे तेवढे मावशीचे होते. आई पायाशी बसून तिची पावलं चोळत राहिली.

बापूकाका काही दिवसांनी आमच्याकडे आला. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना आधीच्या उपचारांची माहिती हवी होती. आईने त्याच्यापुढे चहा ठेवला, त्याने तो घेतला नाही. बाबा खालून वर आले आणि त्याच्यासमोर खुर्चीत बसले. काका सरळ माणूस. भांडायला आला नव्हता, हे मला शंभर वेळा सांगावंसं वाटतं.

"मोठं डॉक्टर लई चिडलं," तो म्हणाला. "म्हणालं, इतकं दिस कुठं व्हता? मी म्हणलं, सायेब, तज्ज्ञाकडंच व्हतो. ते म्हणालं, कोण तज्ज्ञ, शिक्षण काय त्यांचं? मला काय सांगता येईना. तर डॉक्टर, तुमचं ते जबड्याचं शिक्षण कुठं झालंया, तेवढं सांगा. म्हंजी मला सांगाया बरं."

खाली कॉम्प्रेसर चालू राहिला होता. ताटं थरथरत होती.

"पुण्यातच," बाबा म्हणाले. काका वाट बघत होता, त्याच्या चेहऱ्यावर अजून विश्वास होता. "एका शनिवार-रविवारी."

काकाला आधी कळलंच नाही. "म्हंजी दर शनवार-रविवार जायचा?"

"नाही. एकदाच."

काका उठला, टोपी नीट केली आणि आईकडे बघून म्हणाला, "येतो वयनी." बाबांकडे त्याने बघितलं नाही. जिना उतरताना त्याने कठडा धरला होता.

त्या दिवसापासून आईने बाबांना वाढायचं, पण त्यांच्यासोबत बसायचं नाही असं सुरू केलं. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. आई शेगडीपाशी उभी राहून खायची. घरात मशीनचा आणि भांड्यांचाच काय तो आवाज. मला बाबांचा राग यायचा, मग कीव यायची, आणि कीव आल्याचा पुन्हा राग यायचा.

होळीच्या सुमारास मावशी घरी आली, पण रोग तिच्याआधी परतला होता. टाके घातलेल्या जागी गाल फुटला. पुण्याने सांगितलं, आता घरीच ठेवा. बाबा दर आठवड्याला पळसदेवला जाऊन तिची जखम धुवायला लागले. ते काम दुसरं कुणी करू शकलं नसतं. वास असा यायचा की काकाची सख्खी भावजय दारातून परत फिरायची. बाबा तोंडाला फडकंही बांधायचे नाहीत. मावशी त्यांच्यापुढे गाल करायची आणि डोळे मिटून घ्यायची.

आई एकदा त्यांच्यासोबत गेली आणि परत आली ती वेगळीच होऊन. मावशीला बोलता येत नव्हतं, पण तिने आईला खुणांनी सांगितलं होतं. स्वतःच्या हिरड्यांकडे बोट, मग मिश्री घासायची खूण, मग स्वतःच्याच तोंडात चापटी. पुन्हा पुन्हा. मग बाबांकडे बोट आणि दोन्ही हात जोडलेले. माझंच चुकलं, दाजींनी लई केलं.

त्या संध्याकाळी आई बाबांच्या समोर बसली. कित्येक महिन्यांनी बसली.

"तिला सांगा," आई म्हणाली.

"काय सांगू?"

"तुमी तज्ज्ञ न्हवता म्हणून. त्या पोरीनं सांगितलं ते खरं व्हतं म्हणून."

"आता सांगून काय होणार आहे? तिला एक आधार आहे माझा. तोही काढून घेऊ?"

"ती सोताच्या तोंडात मारून घेतीया," आई म्हणाली. "मरताना तरी मारून घेऊ नये तिनं. मिश्रीचा दोष मिश्रीला. तुमचा तुमी घ्या."

मी आज या धंद्यात आहे, इंदापुरात माझा दवाखाना आहे. मोबाइलवर रोज कुणी ना कुणी हास्याचा शिल्पकार, कुणी जबड्याचा जादूगार झालेला दिसतो, आणि मला विचारणाऱ्या नव्या पोरांना मी नियम सांगते. नियम सांगणं सोपं आहे. पण कुणाची फसवणूक झाली असेल तर तिचा दोष कुणी घ्यायचा, हे मला त्या सातवी शिकलेल्या बाईने शिकवलं. मिश्रीने मावशीला रोग दिला, हे खरंच. तिच्या हातातला वेळ मात्र बाबांनी घालवला, आणि तो त्यांच्या पाटीच्या जोरावर घालवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, रस्त्याने माणसं जात असताना, बाबांनी स्टूल घेतलं आणि पांढरा ऑइलपेंट. लाल ओळ त्यांनी स्वतः बुजवली. एका हातात बुजली नाही, दुसरा हात मारला. पलीकडच्या किराणावाल्याने विचारलं, "डॉक्टर, काय चुकलं व्हतं का?" बाबा म्हणाले, "हो, चुकलं होतं." किराणावाल्याला वाटलं, पेंटरचं.

मग आम्ही तिघं पळसदेवला गेलो. उन्हाळा होता, उजनी धरणाचं पाणी खाली गेलं होतं, आणि एरवी पाण्यात बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलेलं बघायला गाड्या करकरून लोक आले होते. रस्त्यावर भेळेची गाडीसुद्धा होती. मावशीचं घर त्या रस्त्याच्या आत. ती बाजेवर भिंतीला टेकून बसली होती. बाबांना बघताच तिने सवयीने गाल पुढे केला. बाबा बाजेशी खाली, जमिनीवर बसले. दवाखान्याची पिशवी त्यांनी उघडली नाही.

"कुसुम," ते म्हणाले. "मी तज्ज्ञ नव्हतो. पाटीवर खोटं लिहिलं होतं मी. त्या शिबिरातल्या मुलीने तुला बरोबर सांगितलं होतं, आणि मला ते त्याच दिवशी कळलं होतं. मी तुला पाठवलं नाही. तू वेळेवर आली होतीस. तुझी काही चूक नाही."

मावशीने आईकडे बघितलं. आईने मान हलवली, हो. बापूकाका दारात उभा होता, तोही हो म्हणाला. मावशी खूप वेळ बाबांकडे बघत राहिली. तिचे डोळे रागावले असते तर मला सोसलं असतं. ते फक्त हिशेब लागल्यासारखे शांत होत गेले. मग तिने हळूच पदर घेतला, डोक्यावरून पुढे ओढला, गालावरून, हनुवटीवरून, आणि मुठीत घट्ट धरून भिंतीकडे वळली.

बाबांनी पिशवीकडे हात नेला. "जखम धुवायची आहे," ते म्हणाले. "आजची राहिली तर उद्या फार दुखेल."

पदराआडून तिचा एक हात बाहेर आला. त्याने आईचं मनगट धरलं आणि बाजेवर ओढून बसवलं. मग तोच हात दाराकडे गेला.

बाबा उठले. बाहेर ओट्यावर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले आणि तिथून सांगत राहिले. आधी पाणी कोमट करून घे. कापूस आत दाबू नकोस, नुसता फिरव. पू आला तर थांब, येऊ दे. आई पदर थोडा थोडा बाजूला करत, ते म्हणतील तसं करत होती. भेळवाल्याची घंटा वाजत होती.

"रक्त आलं का?" बाहेरून बाबांनी विचारलं. आई कापूस फिरवत राहिली. "अगं, रक्त आलं का सांग, म्हणजे मला कळेल किती खोल गेलंय."

मावशीने माझ्याकडे बघितलं आणि हाताने दाराकडे खूण केली. मी उठले आणि दार लावून घेतलं.